रेतीच्या वाटेला लागण्याआधी हवा मोजा

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही पुढचं नीट कळेल. दिवाळीत घेतलेली छोटी पेट्रोल फोर बाय फोर घेऊन तुम्ही आणि तुमचे वडील फेब्रुवारीतल्या एका रविवारी बडोद्याच्या कारेलीबागेतून निघालात. बोडेलीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून, ओळखीच्यांच्या शेताकडे जाणारी सागाच्या जंगलातली वाट धरलीत. दुपारी दीडच्या सुमाराला एका कोरड्या नाल्याच्या रेतीत गाडी फसली. पुढे जाईना, मागे येईना, शेवटी पोटावर बसली. अडीच तासांनी गावातला ट्रॅक्टर आला, त्याने साखळी लावून ओढली आणि त्यात पुढच्या बंपरचा कोपरा सुटला. आता तुमचे प्रश्न असे: मड टेरेन टायर (चिखलासाठीचे, मोठ्या दातांचे) घालू का, विंच (फसलेली गाडी दोराने ओढून काढणारं, गाडीच्या नाकावर बसवायचं यंत्र) बसवू का, आणि माझं नेमकं चुकलं कुठे. वडील म्हणताहेत, गाडी विकून टाक.

पाण्याच्या सर्वेक्षणाच्या कामानिमित्त मी 24 वर्षं आधी जीप आणि मग जिप्सी घेऊन संखेडा, नसवाडी, पावी जेतपूर, कवांट या बाजूला हिंडलो आहे. तुम्ही फसलात तसे नाले मी शेकड्यांनी ओलांडले असतील, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यातल्या बऱ्याच नाल्यांत माझीही गाडी बसलेली आहे. त्यामुळे तुमच्या लिहिण्यात तीन गोष्टी मला लगेच दिसल्या. पहिली, टायरमध्ये हवा किती होती याचा कुठे उल्लेखच नाही. दुसरी, "व्हिडिओत सांगतात तसा चाळीसचा वेग धरून आत शिरले." आणि तिसरी, "गाडी मंदावली तशी आणखी रेस दिली." गाडी, टायर, इंजिन यांत काही खोट नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून ती बसली.

त्या व्हिडिओंबद्दल आधी बोलतो, कारण त्यांनी आपल्याकडच्या पुष्कळ लोकांची फसगत केली आहे. ते बहुतेक वाळवंटात केलेले असतात. तिथे चारी बाजूंना मोकळं असतं, गाडी दहा फूट इकडेतिकडे घसरली तरी आपटायला काही नसतं. म्हणून तिथे वेग राखा, थांबू नका, असं सांगतात आणि तिथे ते बरोबरच आहे. आपल्या जंगलातली वाट जेमतेम एका गाडीपुरती असते. वळणापलीकडचं दिसत नाही. सागाचा बुंधा आरशापासून हातभर अंतरावर असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला बाया आणि पोरं पहाटे चारपासून वाटेच्या कडेला वाकून बसलेली असतात, कधीकधी वाटेवरच. तिथे चाळीसचा वेग धरणं मला मान्यच नाही. मग वेगाचं काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यावं लागतं. ते काम टायरमधली हवा करते. जंगलातल्या रेतीत मी बारा ते पंधराच्या वेगाच्या वर जात नाही आणि तरी गाडी निघते, ती फक्त हवा कमी केलेली असते म्हणून.

हे कसं घडतं ते एकदा नीट समजून घ्या. तुमच्या गाडीचं वजन बाराशे किलोच्या आसपास, त्यात दोन माणसं, पाणी, सामान धरून चौदाशे. म्हणजे एका चाकावर साधारण साडेतीनशे किलो, पौंडांत 770. हवा 28 पॉइंट (एक पॉइंट म्हणजे चौरस इंचाला एक पौंड दाब) असेल, तर टायरचा साधारण साडेसत्तावीस चौरस इंच भाग जमिनीला टेकतो. तीच 18 पॉइंट केली, की हा भाग त्रेचाळीस चौरस इंचांच्या जवळ जातो. हे कागदावरचं गणित आहे, टायरची भिंतही थोडा भार उचलते, पण दिशा तीच. टेकलेला भाग रुंदीत फार वाढत नाही, लांबीत वाढतो, आणि रेतीत लांबीच कामाची. चाक रेतीत चालतं तेव्हा ते आपल्यापुढे रेतीची एक छोटी लाट ढकलत असतं आणि सतत त्या लाटेवर चढत असतं. जितकं खोल रुतेल तितकी लाट उंच, आणि इंजिनाचा सगळा जोर तो चढ चढण्यातच जातो. पट्टा लांब झाला की चाक कमी रुततं आणि लाट बसकी होते. डभोईकडच्या शेतांतून रबारी पशुपालकांचे उंट जाताना तुम्ही पाहिले असतील. उंटाचं पाऊल टेकताना पसरतं, बैलाचा खूर पसरत नाही. ओल्या गाळावर दोघांचे ठसे शेजारी बघा, बैलाचा ठसा कितीतरी खोल असतो.

आता हवा किती कमी करायची? इथे वाळवंट आणि जंगल यांतला दुसरा फरक येतो. वाळवंटात लोक बारा-चौदापर्यंत उतरतात. जंगलात मी अठराच्या खाली जात नाही, अगदी अडलोच तर सोळा. हे मी कसा शिकलो ते सांगतो. पावी जेतपूरच्या बाजूला एका लांब रेताड पट्ट्यासाठी मी चारी टायर चौदावर आणले होते. रेती आरामात पार झाली. पुढे वाट बांबूच्या बेटातून जात होती, आणि हवा तशीच ठेवून मी निघालो. तोडलेल्या बांबूचा खुंट तुम्ही कधी हातात घेऊन बघितलाय का? कोयत्याने तिरका मारलेला असतो, वर ओल्या पात्यासारखी धार आणि आत पोकळ, भाल्याचं टोकच म्हणा. हवा कमी असल्यामुळे टायरच्या भिंती बाहेर फुगलेल्या होत्या. मागचं डावं चाक खुंटाला घासलं, एक सुस्कारा ऐकू आला आणि गाडी त्या बाजूला कलली. खाली उतरून पाहिलं तर भिंतीवर अंगठ्याएवढा उभा काप. टायरच्या तळाला खिळा लागला तर पंक्चर काढता येतं, भिंत फाटली की तो टायर संपला. स्टेपनी बदलायला जॅक लावला, तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच रेतीत खाली गेला. तीन सपाट दगड शोधून, एकावर एक रचून चाक बदललं तेव्हा अंधार पडत आला होता. त्या दिवसापासून माझ्या गाडीत फूटभर लांबीरुंदीची, दीड इंच जाडीची सागवानी फळी असते, आणि रेतीचा पट्टा संपल्यावर हवा पुन्हा बावीस-चोवीसवर आणल्याशिवाय मी बांबूत शिरत नाही.

यात एक बारकावा आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बडोद्याहून बोडेली सुमारे 70 किलोमीटर. तेवढं अंतर डांबरी रस्त्यावरून पळून आलेला टायर तापलेला असतो, आणि सकाळी घरी 28 दाखवणारा गेज तिथे 31-32 दाखवतो. साधारण साडेपाच अंश तापमानाला एक पॉइंट, असा हिशेब धरा. तापलेल्या टायरमध्ये तुम्ही अठरा ठेवले, तर झाडाखाली तासभर डबा खाऊन उठेपर्यंत ते पंधरा झालेले असतात. म्हणून मी गरम टायरला वीस ठेवतो आणि थंड झाल्यावर पुन्हा मोजतो. कमी हवेवर गाडी जोरात वळवायची नाही, तीसच्या वेगाच्या वर न्यायची नाही आणि डांबरावर तर आणायचीच नाही. ट्यूबलेस टायर कडेने रिममधून सुटतो, आणि तो पुन्हा बसवणं रस्त्यावर जमण्यातलं काम नाही. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर घ्या. चार टायर भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ इंजिन चालू ठेवा.

आता तुमच्या नाल्याकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की तिथे ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल पट्टे होते आणि "रुळलेली वाट दिसली म्हणून" तुम्ही त्यातच चाकं घातलीत. हे फार स्वाभाविक आहे, पण गाडी पोटावर बसली ती यामुळेही. ट्रॅक्टरचं पोट आपल्या गाडीपेक्षा पुष्कळ उंच असतं. रेती भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आपल्या चाकोऱ्या इतक्या खोल करतो, की दोन चाकोऱ्यांमध्ये उरलेला उंचवटा आपल्या डिफरन्शिअलच्या हाउसिंगला (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या मधल्या फुगीर भागाला), मग गिअरबॉक्सच्या खालच्या पत्र्याला टेकतो. एकदा वजन त्या उंचवट्यावर गेलं, की चाकं चार असोत नाहीतर सहा, त्यांच्यावर भारच राहत नाही. मग ती मोकळी फिरतात आणि खड्डा आणखी खोल करतात. बैलगाडीच्या चाकोरीचं दुखणं वेगळं. तिची दोन चाकांमधली रुंदी आपल्याशी जुळत नाही, त्यामुळे एक चाक खाली आणि एक वर, असं तिरकं चालावं लागतं. अशा ठिकाणी उंचवट्यावर एका बाजूची चाकं आणि चाकोरीच्या बाहेर दुसऱ्या बाजूची चाकं ठेवून, चाकोरी गाडीच्या पोटाखाली घेऊन जायचं. मात्र त्यासाठी बाजूला कोरी जागा हवी आणि तिथे रोपं, झुडपं चिरडली जाता कामा नयेत. जागा नसेल तर फावड्याने उंचवट्याचा माथा छाटून घ्यायचा. दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता पुढे गेलात तर अडीच तास जातात, हे तुम्ही अनुभवलंच आहे.

हे सगळं कळण्यासाठी खाली उतरून चालावं लागतं. मी कुठल्याही नव्या नाल्यात पायी उतरल्याशिवाय गाडी घालत नाही. टाच दाबून बघतो. बुटाच्या तळव्याइतकीच रुतली तर वाट चांगली. घोट्यापर्यंत गेली तर हवा आणखी दोन पॉइंट कमी. काठीने टोचून खाली दगड आहेत का बघतो. पावसाळ्यानंतर तर हे टाळूच नये, कारण पुराने नवी रेती आणून नाल्याच्या उतारावर टाकलेली असते आणि ती अजून बसलेली नसते. गेल्या वर्षी घट्ट असलेला उतार यंदा पिठासारखा भुसभुशीत असू शकतो. वर सागाची वाळलेली पानं पसरली की खालचं काहीच दिसत नाही.

आपल्याकडची रेती सगळी एकसारखी नाही, हेही सांगून ठेवतो. ओरसंग छोटा उदेपूरकडून येते, बोडेली-संखेड्यावरून वाहत चांदोदजवळ नर्मदेला मिळते. तिची रेती ग्रॅनाइटी दगडातून झिजून आलेली, जाड आणि टोकदार कणांची. बांधकामवाले तिच्यासाठी धडपडतात ते याच गुणामुळे. कण एकमेकांत अडकतात आणि त्यामुळे चाकाला आधार मिळतो. मही नदीच्या कोतरांतली (घळींतली) माती-रेती बारीक, सुकल्यावर तिची नुसती धूळ होते. तिच्यात गाडी हळूहळू मंदावते, आणि लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. ओल्या-कोरड्याचाही मोठा फरक पडतो. हिवाळ्यात सकाळी दव पडलेलं असतं तेव्हा रेतीचा वरचा थर धरून असतो, आणि तीच रेती दुपारी दोनला सुटी होते. तुम्ही दीड वाजता पोहोचलात. सकाळी आठला तुम्ही कदाचित पारही झाला असता. मात्र वाहत्या पाण्याच्या अगदी कडेची रेती वरून घट्ट दिसली तरी तिच्यावर उभं राहू नका. ती पाण्याने गच्च भरलेली असते. इंजिन नुसतं चालू ठेवून गाडी उभी केली, तरी तेवढ्या थरथरीने ती खालून ढिली होते आणि गाडी जागच्या जागी खाली जाते.

प्रत्यक्ष चालवताना काय करायचं ते सांगतो. रेती सुरू व्हायच्या आधी, कोरड्या घट्ट जमिनीवरच फोर व्हील (चारही चाकांना इंजिनाचा जोर) लावा. लांब, भुसभुशीत पट्टा असेल तर लो रेंज (वेग कमी, ताकद जास्त देणारी गिअरची जोडी) आणि दुसरा गिअर. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असतं ते बंद करावं लागतं, कारण चाक जरा घसरलं की ती यंत्रणा इंजिनाचा जोर कापते आणि रेतीत नेमक्या नको त्या क्षणी गाडी मेल्यासारखी होते. काही गाड्यांत लो रेंज लावल्यावर ते आपोआप बदलतं. तुमच्या गाडीचं पुस्तक काढून ते पान एकदा वाचून घ्या. पाय ॲक्सिलरेटरवर एकसारखा ठेवा, त्यात चढउतार नको. गिअर मध्येच बदलू नका, क्लच दाबला तेवढ्यात गाडी थांबते. ब्रेकही शक्यतो लावू नका, पाय उचलला की रेतीच गाडी थांबवते. ब्रेक मारला तर चारी चाकांपुढे रेतीचे ढिगारे उभे राहतात आणि पुन्हा निघताना ते चढावे लागतात. तसं झालंच, तर आधी हातभर मागे या, मग पुढे निघा.

स्टिअरिंगबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चाकोरीत चाकं शिरली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही, चाकोरी नेईल तिकडे ती जाते. अशा वेळी माणूस घाबरून स्टिअरिंग फिरवत राहतो. मग चाकोरी संपते किंवा काठ ढासळतो, आणि वळलेली चाकं अचानक पकड घेतात. गाडी बाजूला उडी मारते आणि बाजूला झाड असतं. म्हणून चाकं सरळ असताना स्टिअरिंगच्या अगदी माथ्यावर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा. तो वर दिसला म्हणजे चाकं सरळ. शंका आली तर खिडकीतून डोकं काढून चाक बघा. वळलेली चाकं रेतीत नांगरासारखी चालतात. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवून धरू नका. मूळ किंवा दगड लागून चाकाला झटका बसला, तर स्टिअरिंगची आडवी पट्टी अंगठा मोडू शकते.

काच खाली असू द्या. नवीन माणसं एसी लावून, गाणी लावून जातात आणि रेतीचं बोलणं त्यांना ऐकूच येत नाही. घट्ट रेतीवर टायरचा कोरडा सर्र असा आवाज येतो. मऊ रेती लागली की तो दबतो, भरड्या पिठात हात घातल्यासारखा होतो, आणि त्याच वेळी इंजिनाचा सूर खाली उतरतो. ही पहिली खूण. या वेळी हलकेच थोडी रेस वाढवायची, तळापर्यंत दाबायची नाही. तरी गाडी मंदावत गेली तर आता तुमच्या हातात दोन-तीन सेकंद आहेत. चाकं फिरताहेत पण बाजूचं झाड मागे सरकत नाही, असं दिसलं त्याच क्षणी पाय उचला. पूर्ण उचला. त्या क्षणी गाडी चार बोटं रुतलेली असते आणि मागे आलेल्या वाटेने सहज निघते, कारण ती वाट तुमच्याच चाकांनी दाबून ठेवलेली असते. तिथून पुढे पाच सेकंद रेस दिली की चार बोटांची वीत होते, आणि विताची मग पोटापर्यंत. सुरुवातीला सांगितलेल्या तुमच्या तिसऱ्या गोष्टीत झालं ते हेच. मी नव्या माणसाला शिकवतो तेव्हा पहिले दोन तास फक्त पाय वेळेवर उचलायला शिकवतो. मुद्दाम मऊ रेतीत नेतो, थांबायला सांगतो, मागे घ्यायला सांगतो. गाडी बाहेर काढायची कला त्यानंतर.

तरीही फसलात तर घाई करू नका. सगळ्यांना खाली उतरवा, पाणी प्या. आधी चारी टायरमधून दोन-चार पॉइंट हवा आणखी काढा. कितीदा तरी एवढ्यावरच काम भागतं. मग फावडं. लोक चाकापुढचं उकरतात आणि पोटाखालचं विसरतात. सुरुवात पोटाखालून करा, म्हणजे वजन पुन्हा चाकांवर येईल. नंतर ज्या दिशेला निघायचं त्या बाजूला प्रत्येक चाकापुढे लांब, बसका उतार काढा. बहुतेक वेळा ही दिशा मागची असते. जवळ पाणी असेल तर घमेलंभर आणून त्या उतारावर शिंपडा आणि पायाने दाबा. कोरड्या रेतीचा किल्ला बांधता येत नाही, ओल्या रेतीचा येतो, तसंच हे. हे मला कवांटच्या बाजूच्या एका राठवा आदिवासी म्हाताऱ्याने दाखवलं, आणि त्यांच्या नातवंडांनी पळसाच्या पानांच्या द्रोणांतून पाणी आणलं होतं. फळ्या, मॅट किंवा गोणपाट चाकाखाली घाला, पण त्यावर चाक हळू चढवा. जोरात फिरवलं तर फळी मागे उडते आणि मागे उभ्या माणसाच्या नडगीवर बसते.

ट्रॅक्टरने ओढण्याबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. तुमचा बंपर सुटला, तेवढ्यावर निभावलं. साखळी तुटली असती किंवा हूक निघाला असता तर तो गोळीसारखा सुटतो आणि माणूस जागीच जातो. जगभर असे मृत्यू झालेले आहेत, त्यातले बरेच ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर बांधल्यामुळे. त्या गोळ्याला कधीही दोर बांधू नका. गाडीखाली जे पातळ कडं असतं ते बहुतेक वेळा वाहतुकीत गाडी बांधून ठेवण्यासाठी दिलेलं असतं, ओढण्यासाठी नाही. चांगल्या मेकॅनिककडून चॅसीला पुढे-मागे पक्के ओढ-हूक बसवून घ्या. साखळीऐवजी ताणला जाणारा नायलॉनचा दोर ठेवा, त्यावर ओलं गोणपाट किंवा सतरंजी टाका, आणि बघायला जमलेल्या सगळ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं करा. मुलांना आणखी लांब. ओढण्यापूर्वी उकरलंच पाहिजे. न उकरता ओढलं तर दोरावर दुप्पट-तिप्पट ताण येतो. ट्रॅक्टरवाल्याला शांतपणे सांगा, "धीरे धीरे, आंचको मारता नहीं" (हळूहळू, झटका मारू नका). आणि त्याच्या डिझेलचे, वेळेचे पैसे त्याने न मागता द्या. त्याने शेतातलं काम सोडलेलं असतं.

मड टेरेन टायर घेऊ नका. त्यांचे मोठे दात चिखलात कामाचे, रेतीत ते खणतात. गाडीबरोबर आलेले टायर योग्य हवेवर उत्तम चालतात. बदलायची वेळ येईल तेव्हा भिंत मजबूत असलेला ऑल टेरेन (सगळ्या प्रकारच्या वाटांसाठीचा टायर) घ्या, तोही बांबूच्या खुंटांसाठी. विंचही नको. छोट्या गाडीच्या नाकावर तेवढं वजन वाढवून पुढची चाकं आणखी रुततील, आणि विंचला बांधायला झाड लागतं. तारेचा दोर थेट बुंध्याला गुंडाळला की साल कापली जाते आणि झाड वाळतं. हे पैसे गेज, कॉम्प्रेसर, आखूड दांड्याचं फावडं, दोन फळ्या, दोर आणि अग्निशामक नळकांडं यांवर खर्च करा.

नळकांडं का, ते सांगतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत सागाची पानगळ वाटेवर वीतभर साचते. सायलेन्सर, आणि त्याहून जास्त त्याच्या पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इतका तापतो की खाली अडकलेली पानं पेट घेऊ शकतात. रेतीत फसून पाच-दहा मिनिटं रेस दिलेली गाडी तर अधिकच तापते. म्हणून पानांच्या थरावर गाडी उभी करू नका. रेतीतून बाहेर आलात की वाकून खाली बघा आणि चॅसी व सायलेन्सरच्या मध्ये अडकलेली पानं काठीने काढून टाका. एका ठिणगीत पेटलेला वणवा गावकऱ्यांचा वर्षाचा मोह, टेंभुर्णीची पानं आणि गुरांचा चारा घेऊन जातो.

वाट कुणाची आहे हेही आधी बघून घ्या. तुमची वाट गावाकडे जाणारी होती, ते ठीक. पण त्याच भागात जांबुघोडा अभयारण्य आहे, 1990 सालचं, सुमारे 130 चौरस किलोमीटरचं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि परवानगी असली तरी आखून दिलेली वाट सोडता येत नाही. तिथे अस्वलं आहेत, बिबटे आहेत. नदीपात्रात मजा म्हणून गाडी फिरवणं मी पूर्णपणे सोडून दिलं आहे. एकदा मार्च अखेरीस ओरसंगच्या पात्रात उतरून रेती तपासत होतो. एक टिटवी डोक्यावरून घिरट्या घालत ओरडत होती. पुढचं चाक जिथे थांबलं होतं त्याच्यापासून हातभर अंतरावर उघड्या रेतीत चार अंडी होती, चिखलाच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची, टोकं आत वळवून ठेवलेली. गाडीत बसून ती दिसणं शक्यच नव्हतं. वढवाण्याच्या तलावावर आपण दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जातो. 2021 मध्ये त्याला रामसर (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांचा) दर्जा मिळाला तेव्हा बडोद्यात किती आनंद झाला होता. नदीच्या रेतीवर अंडी घालणारे पक्षी त्यांचेच भाऊबंद आहेत. टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली तर जागीच थांबा, उतरून बघा, आणि आलात त्याच चाकांच्या ठशांवरून मागे या.

घरी आल्यावर आणखी तेवढं एक काम करा. ब्रेकच्या तबकड्यांमागे रेती अडकते आणि करकर आवाज येतो. मऊ धारेने चाकाच्या आतून पाणी मारा. एअर फिल्टर काढून झटका. चाकांचे नट एकदा पान्याने आवळून घ्या, आणि गाडी पोटावर बसली होती, म्हणून खालून तेल गळतंय का ते रात्रभर पुठ्ठा ठेवून तपासा.

वडिलांचं म्हणाल, तर त्यांना पुढच्या वेळी सोबत न्याच. ते अडीच तास उन्हात काही करता न येता उभे होते, त्यांचा राग मला समजतो. सकाळी साडेपाचला निघा. बोडेलीला चहा घ्या, वाटेच्या तोंडाशी गेज त्यांच्या हातात द्या आणि चारी चाकांची हवा त्यांनाच मोजू द्या. नाल्याशी पोहोचलात की काठी घेऊन पुढे त्यांना चालू द्या, तुम्ही मागून पंधराच्या वेगाने या. त्याच नाल्यातून, चाकोरी पोटाखाली घेऊन.